कॉन्सल झांझिबारचा, रयत कच्छची : एका नेमणुकीला लागलेली तीस वर्षे

परक्या राजाच्या बंदरात वाणिज्यदूत, म्हणजे कॉन्सल, बसवायचा तर आधी त्या राजाशी तह करावा लागतो. तहात नेमणुकीचे कलम घालून घ्यावे लागते. मग माणूस निवडायचा, त्याला सनद द्यायची आणि ती सनद दरबारात दाखल करून मान्यता मिळवायची. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाच्या बाबतीत ब्रिटनने हे सगळे १८३९ ते १८४१ या दोन-अडीच वर्षांत उरकले. पण त्या कॉन्सलचा हुकूम नेमका कोणावर चालतो, हे ठरायला पुढची तीस वर्षे गेली. बेटावर इंग्रज जवळजवळ नव्हतेच. ‘ब्रिटिश प्रजा’ म्हणून ज्यांची मोजदाद करता आली असती ते होते कच्छ-काठियावाडकडचे भाटिया, खोजा, बोहरी आणि वाणी. ते खरोखर ब्रिटिश प्रजा आहेत का, या प्रश्नाला सुलतान एक उत्तर देत होता, कॉन्सल दुसरे, आणि खुद्द व्यापारी सोयीप्रमाणे दोन्ही.

या प्रकरणाची बरीचशी सूत्रे मुंबईत होती. कॉन्सल मुंबई लष्करातून जात होते, त्यांचे अहवाल मुंबई सरकारकडे येत होते, आणि पुढे त्यांच्या कोर्टावरची अपिले मुंबई उच्च न्यायालयात.

अमेरिकेने घालून दिलेला नमुना

ओमानचा सय्यद सईद बिन सुलतान मस्कत आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा दोन्ही सांभाळत होता. १८३० च्या दशकात त्याचे लक्ष आणि पुढे त्याचे वास्तव्यही झांझिबारकडे सरकत गेले. तिथे लवंगेच्या बागा वाढत होत्या. समोरच्या मुख्य भूमीवरून हस्तिदंत आणि चंद्रूस येत होते. चंद्रूस म्हणजे व्हार्निशसाठी लागणारी राळ. तिला अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम बंदरात मोठी मागणी होती. परतीच्या जहाजांतून सेलमचे व्यापारी जाडेभरडे सुती कापड आणत. आफ्रिकेत त्याला ‘मेरिकानी’ हेच नाव पडले.

एडमंड रॉबर्ट्स या अमेरिकी व्यापाऱ्याने २१ सप्टेंबर १८३३ रोजी मस्कतला सईदशी तह केला. उतरवलेल्या मालावर ५ टक्के जकात, त्यापलीकडे काही नाही. मुख्य बंदरांत कॉन्सल नेमायचा हक्क. अमेरिकी नागरिकांच्या आपापसातल्या तंट्यांचा निवाडा फक्त त्या कॉन्सलकडे. एखादा अमेरिकी तिथे मेला, तर त्याची मालमत्ताही कॉन्सलच्या ताब्यात. एका बाबतीत मात्र सुलतानाने हात आखडता घेतला : झांझिबार बेटावर बंदुका आणि दारूगोळा फक्त सरकारलाच विकायचा.

मार्च १८३७ मध्ये सेलमचा रिचर्ड वॉटर्स कॉन्सल म्हणून बेटावर आला. तो व्यापारी कॉन्सल होता. त्याचे पोट सरकारी पगारावर नव्हे, स्वतःच्या व्यापारावर भरायचे. या पद्धतीत सरकारला खर्च पडत नाही, पण कॉन्सल आपल्याच देशबांधवांचा स्पर्धक होऊन बसतो. वॉटर्सचे तेच झाले. जकातीचा मक्ता कच्छ-मांडवीच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. माल उतरवायला होड्या, हमाल, वखारी लागत आणि या सगळ्यावर मक्तेदाराची पकड होती. आरंभी वॉटर्सने याविरुद्ध तक्रारी केल्या, नंतर जयरामशी संधान बांधले. मग बाहेरून येणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला दोघांना एकदम तोंड द्यावे लागे. तहात लिहिलेले ५ टक्के खरे, पण माल धक्क्यावर पडून राहिला तर त्या ५ टक्क्यांचा उपयोग काय?

१८३९ चा तह : काय मिळाले, काय निसटले

अमेरिकी तहाची बातमी आल्यावर ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन हार्ट १८३४ च्या आरंभी झांझिबारला चौकशीला गेला. तरी ब्रिटनचा स्वतःचा व्यापारी तह व्हायला ३१ मे १८३९ उजाडला. तो करणारा कॅप्टन रॉबर्ट कोगन पूर्वी कंपनीच्या आरमारात होता. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या फौजेने एडन घेतले होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

हा तह अमेरिकी तहाची नक्कल नव्हता. जकात तीच, ५ टक्के, आणि त्यातच नांगरपट्टी, वाटाड्याचा आकार, परवाना, निर्यातकर असे सगळे आले असे स्पष्ट लिहून घेतले. न्यायाचे कलम मात्र बरेच पुढे गेलेले होते. ब्रिटिश प्रजाजनांच्या आपापसातल्या भांडणात सुलतानाच्या अंमलदारांनी पडायचे नाही. सुलतानाच्या रयतेपैकी कोणी ब्रिटिश प्रजाजनावर फिर्याद केली तर ती ब्रिटिश कॉन्सल ऐकणार. उलट ब्रिटिश प्रजाजन फिर्यादी असेल तर निवाडा सुलतानाचा, पण कॉन्सल किंवा त्याचा माणूस हजर असल्याशिवाय खटला चालवायचा नाही. म्हणजे दोन्ही वाटा कॉन्सलच्या दारावरूनच जात होत्या.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इथे पेशवाईतला वकील येईल. हैदराबादला बसलेला पुण्याचा वकील दरबाराची खबर कळवी, वाटाघाटी करी, प्रसंगी वसुलीचा तगादा लावी. पण हैदराबादच्या पेठेतल्या मराठी सावकारावर त्याचे कोर्ट चालत नव्हते. कॉन्सलचे वेगळेपण नेमके इथे आहे. परक्या मुलखातल्या माणसांवर तो न्यायाधीश म्हणून बसतो.

सईदनेही आपले एक कलम राखले. तांगाटेपासून किल्व्यापर्यंतच्या किनाऱ्यावर हस्तिदंत आणि चंद्रूस यांची मक्तेदारी सुलतानाकडेच राहील, असे तहात आले. हा हट्ट वरवर किरकोळ वाटतो, पण तो फार विचारपूर्वक धरलेला होता. परदेशी जहाजांवरची जकात ५ टक्क्यांना बांधली गेल्यावर उत्पन्न वाढवायला त्याला एकच जागा उरत होती : मुख्य भूमीवरून बेटावर येणारा माल. परदेशी व्यापारी थेट त्या किनाऱ्यावर पोचला असता तर झांझिबारच्या बंदरात कोणी कशाला आले असते? १७ नोव्हेंबर १८४४ च्या फ्रेंच तहातही जकात ५ टक्केच, १८५९ च्या हॅम्बुर्ग, ल्यूबेक व ब्रेमेन यांच्या तहातही ५ टक्केच. एकाला दिलेली सवलत दुसऱ्याला नाकारता येत नाही, म्हणून पहिल्या तहातला आकडा पुढच्या सगळ्या तहांचा मालक झाला.

पण या तहात एक मोठी फट राहिली. ‘ब्रिटिश प्रजा’ म्हटले, आणि कच्छच्या रावांच्या रयतेचे काय, हे लिहिले नाही.

एक माणूस, दोन वरिष्ठ

मस्कतमध्ये रेसिडेंट ठेवायचा प्रयोग कंपनीने १८०० पासून करून पाहिला होता. तिथल्या हवेने एकामागून एक रेसिडेंट मेले आणि १८१० च्या सुमारास ती जागा गोऱ्या अधिकाऱ्यासाठी बंदच झाली. पुढे स्थानिक एजंटांवर काम भागवले गेले. त्यामुळे या खेपेला माणूस कुठे बसवायचा हा प्रश्न महत्त्वाचा होता. सुलतान झांझिबारला राहत होता, आणि सुलतान जिथे तिथेच त्याच्याशी बोलणारा माणूस हवा. मुंबई लष्करातल्या १५ व्या देशी पायदळ पलटणीचा कॅप्टन अॅटकिन्स हॅमरटन मे १८४१ मध्ये झांझिबारला उतरला.

तो ब्रिटिश राणीचा कॉन्सल होता, आणि कंपनीचा एजंटही. कॉन्सल म्हणून तो लंडनच्या परराष्ट्र खात्याला बांधील, एजंट म्हणून मुंबई सरकारला. यात फायदा होता : तहातली न्यायाची मुखत्यारी राणीच्या सनदेमुळे मिळत होती, आणि गरज पडल्यास जहाज पाठवायची ताकद मुंबईकडे होती. तोटा असा की दोघांच्या काळज्या वेगळ्या होत्या. लंडनला गुलामांचा व्यापार थांबवण्याची घाई होती, मुंबईला मस्कतचे राज्य शाबूत राहण्याची. सुलतानावर जास्त दाब टाकला तर ओमानमधले त्याचे आसन डळमळणार आणि इराणच्या आखाताची व्यवस्था बिघडणार, हा मुंबईचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता.

त्यात पत्रव्यवहार वाऱ्यावर अवलंबून. ईशान्य मोसमी वाऱ्यावर हिवाळ्यात गलबते मुंबई-मांडवीहून झांझिबारला येत आणि नैऋत्य वारा लागला की परत जात. मुंबईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पुढच्या मोसमात मिळे. मासिक डाकबोट १८७२ मध्ये आणि एडनवरून तारेची केबल १८७९ मध्ये आली. तोवर कॉन्सलने आधी करायचे आणि मग मंजुरी मागायची, हाच रिवाज पडला. व्यक्ती बदलली की धोरण बदलले, त्याचे एक कारण हे अंतर आहे.

हॅमरटनने सईदकडून २ ऑक्टोबर १८४५ चा करार मिळवला. १ जानेवारी १८४७ पासून आफ्रिकेतल्या मुलखातून बाहेर गुलाम पाठवायला बंदी आली. मात्र लामू ते किल्वा या पट्ट्यात, सुलतानाच्या आफ्रिकी बंदरांमध्ये, गुलामांची ने-आण चालूच राहिली. बागा गुलामांच्या कष्टावर उभ्या होत्या, त्यामुळे याहून जास्त सईद देणार नव्हता.

जयराम कोणाची प्रजा?

आता त्या राहिलेल्या फटीकडे येऊ. कच्छने १८१९ च्या तहाने कंपनीचे संरक्षण पत्करले होते. ब्रिटिशांचा युक्तिवाद असा की, रावांनी परराष्ट्र व्यवहार आमच्या हाती दिला, तेव्हा परदेशात गेलेली त्यांची रयत आमच्या छत्राखाली येते. सुलतानाची बाजू अशी : ही माणसे इथे माझ्या आश्रयाने राहतात, कंपनीचा अंमल कच्छच्या आत चालत नाही, मग इथे कसा चालेल?

कोरड्या कायद्याच्या या वादामागे फार मोठ्या रकमा होत्या. जयराम शिवजींची पेढी सुलतानाची जकात वसूल करी, आणि सुलतान त्याच पेढीचा कर्जदार असे. मक्तेदार ब्रिटिश प्रजा ठरला, तर जकातीबद्दल त्याच्यावर येणारी फिर्याद कॉन्सलच्या कोर्टात जाणार. आणि त्याने कर्जासाठी सुलतानाकडे दाद मागितली तर कॉन्सल शेजारी येऊन बसणार. आपल्या राज्याच्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कोर्टात ठेवायला कोण तयार होईल?

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने गुलामांचा मुद्दा सर्वांत नाजूक होता. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नव्हता. झांझिबारात मात्र कच्छी सावकार अरब बागायतदारांना उचल देत, ती बागेच्या गहाणावर. गहाणात जमीन, लवंगेची झाडे आणि त्यावर राबणारे गुलाम, सगळे एकत्र. कर्ज बुडाले की बाग सावकाराकडे येई. तो ब्रिटिश प्रजा असेल तर गुलाम ठेवू शकत नाही, आणि गुलामांशिवाय बाग कवडीमोल. म्हणून एकच व्यापारी अरबाकडून वसुली करायची तेव्हा ब्रिटिश संरक्षण मागे, आणि गुलामांची चौकशी निघाली की मी सुलतानाची रयत म्हणे. त्यांना दोष देण्याआधी एवढे पाहावे की ही दुहेरी सोय त्यांनी नव्हे, अर्धवट लिहिलेल्या तहाने निर्माण केली होती. ज्यांच्या देहावर हा सगळा व्यवहार उभा होता त्यांना मात्र कोणीच विचारत नव्हते.

हॅमरटनने हा प्रश्न काढला, सुलतानाची हरकत आली, आणि त्याने तो तुटेपर्यंत ताणला नाही.

एक वर्ष रिकामी खुर्ची

ऑक्टोबर १८५६ मध्ये मस्कतहून परतताना सईद समुद्रातच वारला. जुलै १८५७ मध्ये हॅमरटन गेला. पुढचा कॉन्सल, मुंबई लष्करातलाच ख्रिस्तोफर पामर रिग्बी, जुलै १८५८ मध्ये पोचला. हिंदुस्थानात बंड पेटलेले असताना झांझिबारला माणूस पाठवणे मागे पडले, हे समजण्यासारखे आहे. पण वारसाचा वाद धुमसत असताना वर्षभर ब्रिटिश कचेरीला प्रमुख नव्हता, आणि फ्रेंच कॉन्सल जागेवर होता.

मस्कतला थुवैनी आणि झांझिबारला माजिद अशी सईदच्या मुलांत, भावाभावांत, राज्याची फाळणी झाली होती. १८५९ च्या आरंभी थुवैनी आरमार घेऊन झांझिबारवर निघाला, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी जहाज पाठवून त्याला वाटेतच परतवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात धाकटा भाऊ बरगश याने बेटावर उठाव केला. ब्रिटिश खलाशांच्या मदतीने तो मोडला गेला आणि बरगशची रवानगी मुंबईला झाली. दोन वर्षे तो तिथे राहिला. २ एप्रिल १८६१ रोजी गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी निवाडा दिला : दोन राज्ये वेगळी, आणि झांझिबारने मस्कतला दरसाल ४०,००० रियाल द्यायचे. व्यापार सांभाळायला नेमलेला कॉन्सल अवघ्या वीस वर्षांत गादी कोणाला मिळणार हे ठरवण्यात सामील झाला होता.

रिग्बीचा घाव, पेलीची नोंदवही

रिग्बीने फट बुजवण्याचा सरळ मार्ग घेतला. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याने जाहीर केले की बेटावरचे हिंदी लोक ब्रिटिश संरक्षणाखाली आहेत, त्यांना गुलाम ठेवता येणार नाहीत आणि असलेले सोडून द्यावे लागतील. ज्यांनी ऐकले नाही त्यांना कैद आणि दंड झाला. सुटलेल्या प्रत्येकाला कचेरीच्या शिक्क्याचा दाखला मिळे. हा दाखला फार महत्त्वाचा. तो हाती नसेल, तर सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणी पकडून पुन्हा विकले तरी दाद मागायला पुरावा नव्हता. अशा रीतीने पाच हजारांहून अधिक माणसे मोकळी झाली.

पण या कामाची कायदेशीर बाजू लंगडी होती, कारण कच्छी लोकांवरचा अधिकार कोणत्याही कागदात नव्हता. तो रिग्बीच्या निर्धारावर चालला होता. सप्टेंबर १८६१ मध्ये तो गेला आणि धोरणही गेले. त्याच्या जागी आलेल्या लुईस पेलीने कच्छी व्यापाऱ्यांना निवड दिली : कचेरीत येऊन नाव नोंदवा आणि ब्रिटिश संरक्षण घ्या, नाहीतर सुलतानाची रयत म्हणून राहा. नोंदवही ही कोणत्याही कॉन्सलची मूलभूत वही. परक्या बंदरात आपली माणसे कोण, हे तिच्यावरूनच ठरते. पण नोंदणी ऐच्छिक ठेवली की वही खोटे बोलू लागते. ज्याच्याकडे गुलाम आहेत तो नाव नोंदवायला येणारच नाही. बंदी ज्यांच्यासाठी होती नेमके तेच बाहेर राहिले.

९ ऑगस्ट १८६६ च्या राजाज्ञेने कोर्टाची बाजू पक्की झाली. कॉन्सलच्या न्यायालयाला कार्यपद्धती मिळाली, हिंदुस्थानातले कायदे लागू झाले आणि अपील मुंबई उच्च न्यायालयाकडे आले. झांझिबार जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हा आहे, अशा रीतीने काम चालू लागले. तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. कोर्ट उभे राहिले, पण त्यापुढे कोणाला उभे करता येते, हे अनिश्चितच.

उत्तर भूजहून आले

शेवटी तोडगा निघाला तो सुलतानाशी नव्या वाटाघाटी करून नव्हे, तर भूजच्या दरबारातून. हेन्री चर्चिल कॉन्सल असताना, १८६९ मध्ये, कच्छचे राव प्रागमलजी दुसरे यांनी झांझिबारच्या आपल्या रयतेला उद्देशून जाहीरनामा काढला. सुलतानाच्या मुलखातल्या कच्छी लोकांवर ब्रिटिश अंमलदारांचा अधिकार चालेल आणि गुलामांच्या व्यापारात हात असणाऱ्याला तो भोवेल, असा त्याचा आशय होता. रयत ज्याची, त्यानेच अधिकार सोपवला. सुलतानाची हरकत होती ती ‘रावांची माणसे तुमची कशी’ या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आता खुद्द रावांनी दिले होते. ही साधी युक्ती १८३९ मध्येच सुचली असती तर हॅमरटन, रिग्बी आणि पेली यांचे तीन वेगवेगळे अर्थ लागलेच नसते.

१८७० मध्ये माजिद वारला आणि मुंबईत हद्दपारी भोगलेला बरगश गादीवर आला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८७३ च्या आरंभी गुलामांच्या व्यापारावर पूर्ण बंदी घालणारा तह घेऊन त्याच्याकडे गेले, आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे नाकेबंदीची धमकी देऊन कॉन्सल जॉन कर्कने ५ जून १८७३ रोजी बरगशची सही मिळवली. समुद्रमार्गे गुलामांची ने-आण बंद झाली, गुलामांचे बाजार बंद झाले.

त्या तहाच्या चौथ्या कलमात सुलतानाला काही करायचे नव्हते. ते राणीचे आश्वासन होते : ब्रिटिश संरक्षणाखालच्या हिंदी संस्थानांच्या रयतेला पुढे ठरेल त्या तारखेपासून गुलाम बाळगण्याची मनाई होईल आणि तोवर नवे गुलाम घेता येणार नाहीत. १८३९ च्या तहात जी माणसे कुठेच नव्हती, ती इथे पहिल्यांदा नाव घेऊन आली, आणि त्यांच्या वतीने वचन देण्याचा ब्रिटनचा हक्क बरगशने त्याच सहीने मान्य केला.